आकडे सगळ्यांनी उचलले, भूमिकेचे काय झाले? (आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग किंवा भूमिका घेऊन खेळायच्या गेमविषयी)

जुना_फासा

दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी राहायला आला होता. तो बंदुकीचा गेम खेळत होता आणि मी शेजारी बसून पाहत होतो. प्रत्येक सामना संपला की पडद्यावरची एक पट्टी भरत जाई, लेव्हल वाढल्याची घोषणा होई आणि बंदुकीला लावायचे काहीतरी नवे हाती पडे. मी सहज म्हटले, "म्हणजे तू आरपीजीच खेळतोयस की!" त्यावर त्याने मान न वळवता विचारले, "मामा, आरपीजी म्हणजे ते रॉकेट लाँचर ना?" हा धागा काढायला तो प्रश्न कारणीभूत आहे.

माझे म्हणणे असे, की गेल्या पंधरा-वीस वर्षांत आरपीजीमधले आकडे बाकी सगळ्या गेमनी उचलून नेले, आणि ते आकडे ज्या कामासाठी मुळात जन्माला आले होते ते काम मात्र मागेच राहिले. २००७ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी ४: मॉडर्न वॉरफेअर'ने मल्टिप्लेयरमध्ये एक्सपी (अनुभवाचे गुण) आणि ५५ लेव्हलची शिडी आणली, आणि तेव्हापासून बंदुकीच्या गेममध्ये ती शिडी नसली तरच आता नवल वाटते. 'गॉड ऑफ वॉर' हा मुळात निव्वळ हाणामारीचा गेम. २०१८ च्या भागात नायक क्रेटोसच्या चिलखतालाही आकडे चिकटले. 'असॅसिन्स क्रीड'ने २०१७ च्या 'ओरिजिन्स'पासून हाच मार्ग धरला, आणि पुढच्या वर्षीच्या 'ओडिसी'मध्ये मला त्याचा जो अनुभव आला तो मी अजून विसरलेलो नाही. बराच वेळ दबा धरून, छपरावरून आवाज न करता उतरून, एका सरदाराच्या पाठीमागे जाऊन मी त्याला भाला खुपसला, तर तो मेला नाही, कारण त्याची लेव्हल माझ्यापेक्षा जास्त होती. भाला आरपार गेलेला माणूस उठून उभा राहतो, त्याच्या डोक्यावरची पट्टी थोडीशी घटते आणि तो शांतपणे तलवार उपसतो. मारेकऱ्याच्या गेममध्ये मारेकऱ्याचीच भूमिका आकड्यांनी खाऊन टाकली.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावर खेळायचा खेळ प्रसिद्ध झाला तेव्हा हे आकडे चाकरी करत होते. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, की मी ही भिंत चढतो, तर त्याला ती चढता आली की नाही हे कोणी ठरवायचे? गोष्ट सांगणाऱ्या डंजन मास्टरने ठरवले तर पक्षपाताची कुरकुर होणार, आणि खेळणाऱ्याने स्वतःच ठरवले तर तो जन्मात कधी पडणार नाही. म्हणून फासा आला, आणि फाशाच्या जोडीला त्या पात्राच्या अंगच्या ताकदीचा आकडा आला. १९८१ मध्ये 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' संगणकावर आले तेव्हा अडचण अशी झाली, की संगणकाला बेरीज-वजाबाकी उत्तम येत होती, परंतु समोरच्याचे बोलणे ऐकून ऐनवेळी गोष्ट वळवणे येत नव्हते. त्यामुळे टेबलावरची हिशेबाची वही तेवढी संगणकात गेली आणि डंजन मास्टर बाहेरच राहिला. पुढच्या चाळीस वर्षांतल्या चांगल्या आरपीजी म्हणजे त्या गैरहजर माणसाची जागा कशी भरायची याच्या निरनिराळ्या खटपटी आहेत, असे मी मानतो.

१९९७ चा 'फॉलआउट' हे माझे आवडते उदाहरण आहे. त्यात सुरुवातीला सात गुणांमध्ये आकडे वाटून द्यायचे असतात. बुद्धीचा आकडा अगदी तळाला ठेवला, तर आपल्या पात्राला धड बोलता येत नाही. संवादांच्या पर्यायांमध्ये वाक्यांऐवजी नुसते हुंकार दिसतात आणि बरीच कामे आपल्याला कोणी सांगतच नाही. तिथे आकडा भूमिकेची सेवा करतो. आज अशी सेवा करणारे आकडे कुठे उरले आहेत, की आरपीजी हा शब्दच आता विरघळून गेला आहे, यावर येथील मंडळींचे मत वाचायला आवडेल.

रातवा

फासेसाहेब, धागा उत्तम आहे, परंतु तुमची मांडणी पश्चिमेकडे तोंड करून केलेली आहे. तुमच्या व्याख्येने जपानी आरपीजी घराबाहेरच राहतात. १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये खेळणाऱ्याने ठरवावे असे काय होते? नायक ठरलेला, राजकन्या ठरलेली, शेवटचा खलनायक ठरलेला. त्याचे कर्ते युजी होरी यांना 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' या दोन्ही गेमचे वेड होते आणि त्यांतला जो भाग त्यांनी जपानमधल्या घराघरांतल्या फॅमिकॉन या गेमयंत्रावर आणला तो नेमका आकड्यांचाच होता. यामागे एक विचार होता. उड्या मारण्याच्या गेममध्ये ज्याचे हात चपळ तोच पुढे जातो. इथे मात्र ज्याला जमत नाही त्याने गावाबाहेर चार राक्षस जास्त मारावेत, दोन लेव्हल वाढवाव्यात आणि मग पुढे जावे. चिकाटी असलेल्या कोणालाही हा गेम पूर्ण करता येतो. तुम्ही ज्यांना हिशेबाची वही म्हणता, त्या आकड्यांमुळे माझ्यासारख्या मंद हातांच्या बाईला गेम खेळता आले.

आकड्यांमधून भावना उभी राहत नाही, हेही मला मान्य नाही. १९९७ च्या 'फायनल फँटसी ७'मध्ये पहिली डिस्क संपता संपता एरिथ ही आपली साथीदार मरते, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. कथेतली पात्रे तर कादंबऱ्यांमध्येही मरतात. इथला घाव वेगळा बसतो, कारण तोपर्यंत आपण तिला वीस-पंचवीस तास वाढवलेले असते. तिची लेव्हल आपण चढवलेली असते, ती सगळ्यांना बरे करते म्हणून लढाईतला आपला आराखडा तिच्याभोवती बेतलेला असतो. ती गेल्यावर मेनू उघडला की तिला दिलेले मटेरिया (जादूचे खडे) आपल्या सामानात परत आलेले दिसतात आणि तिचे नाव कुठेच दिसत नाही. मी त्या मेनूकडे किती वेळ पाहत बसले होते ते आज सांगता येणार नाही. ते दुःख मला त्या कोऱ्या जागेने दिले, आणि कोरी जागा हा हिशेबाच्या वहीचाच भाग आहे.

बदललेल्या जागेबद्दल बोलायचे तर माझ्या दृष्टीने मोठी घटना टर्न-बेस्ड लढाईची आहे. आळीपाळीने वार करण्याची ही पद्धत आता जुनी झाली, मोठ्या खर्चाच्या गेमला ती परवडणार नाही, असे कितीतरी वर्षे गृहीत धरले गेले. खुद्द 'फायनल फँटसी' त्या वाटेवरून दूर सरकत गेली आणि २०२३ चा सोळावा भाग तर सरळ सरळ ॲक्शन गेम झाला. परंतु त्याच काळात २०२० च्या 'याकुझा: लाइक अ ड्रॅगन'ने उलटा प्रवास केला, रस्त्यावरच्या मारामारीची मालिका टर्न-बेस्ड झाली. 'पर्सोना ५' २०१६ पासून लोकांनी डोक्यावर घेतला होताच. आणि २०२५ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिये येथील सँडफॉल इंटरॲक्टिव्हचा 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन ३३' आला, ज्यात आळीपाळीनेच लढायचे असते आणि ज्याला त्या वर्षीचा द गेम अवॉर्ड्सचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यात शत्रूचा वार नेमक्या क्षणी परतवावा लागतो, म्हणून माझी थोडी धांदल उडाली हे कबूल करते. सोपी काठिण्यपातळी निवडल्यावर तो क्षण जरा सैल होतो.

घरात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, दारावर इस्त्रीवाला आला, सासूबाईंनी हाक मारली, तरी टर्न-बेस्ड गेममधला राक्षस आपली पाळी येईपर्यंत हात बांधून उभा राहतो. ज्यांना सलग दोन तास मिळतात त्यांना या सोयीचे मोल कळणार नाही.

तिसरी_घंटा

मी गेम फार खेळलेली नाही, हौशी नाटकांत काम करते, त्यामुळे 'भूमिका' या शब्दावरून धाग्यात शिरते आहे.

धाकट्या भावाने आग्रहाने २०१९ चा 'डिस्को एलिझियम' दिला. सुरुवातीलाच एक पोलीस अधिकारी हॉटेलच्या खोलीत शुद्धीवर येतो. रात्रभर प्यालेला आहे, स्वतःचे नावही आठवत नाही, अंगावर धड कपडे नाहीत. छताचा पंखा फिरतो आहे आणि पंख्याला त्याचा टाय अडकलेला आहे. मी तो टाय ओढायला गेले. फासे पडले, ते माझ्या विरुद्ध पडले, आणि माझ्या नायकाला हृदयविकाराचा झटका येऊन तो मेला. खोलीबाहेर पाऊलही न टाकता खेळ संपला, कारण सुरुवातीला आकडे वाटताना मी हुशारीवर सगळे उधळले होते आणि शरीराकडे काहीच ठेवले नव्हते. मी एवढी हसले की भाऊ दुसऱ्या खोलीतून धावत आला.

या गेममध्ये लढाईची वेगळी व्यवस्थाच नाही. चोवीस कौशल्ये आहेत आणि ती नायकाच्या डोक्यात बडबड करणारे आवाज आहेत. ज्या कौशल्याचा आकडा मोठा तो आवाज जास्त बोलतो, आणि तो नेहमी खरेच बोलतो असेही नाही. नाट्यशास्त्राचा आकडा वाढवला तर ते कौशल्य नायकाला 'महाराज' वगैरे म्हणत भलत्याच वेळी भलतेच सल्ले देऊ लागते. नटाच्या डोक्यात प्रयोगाच्या वेळी जे चालते ते इतके जवळून दाखवलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही: एक आवाज पुढचे वाक्य आठवत असतो, दुसरा पहिल्या रांगेतला माणूस का उठला ते पाहत असतो आणि तिसरा आपण किती छान करतो आहोत याचे कौतुक करत असतो.

दुसरी गोष्ट अपयशाची. फासा विरुद्ध पडला म्हणजे बहुतेक गेममध्ये दार बंद होते आणि आपण मागचा सेव्ह, म्हणजे आधी जतन केलेला खेळ, उघडतो. इथे फासा चुकल्यावर जो प्रवेश घडतो तो पुष्कळदा यशापेक्षा रंगतो. आमच्या एका प्रयोगात टेलिफोन वाजायच्या ऐवजी दारावरची घंटा वाजली, तेव्हा समोरच्या नटाने सरळ दार उघडून, बाहेर कोणीही नसताना, पोस्टमनकडून तार घेतली आणि फोनवरचा निरोप त्या तारेत वाचून दाखवला. प्रेक्षकांना पत्ता लागला नाही. अशी वेळ मारून नेण्याची कला मला त्या गेममध्ये दिसली. रातवाताईंचे कोऱ्या जागेचे निरीक्षण मला पटले, पण तिथे दुःख खेळणाऱ्याला होते. त्या गेमचा नायक क्लाउड याच्या तोंडी काय घालायचे ते मात्र आपल्या हाती नसते. भूमिका म्हणजे पात्राबद्दल वाटणे की पात्र होऊन वागणे, हा भेद या चर्चेत ठेवायला हवा.

कोकणकडा

थोडी भर घालतो. 'भूमिका' या शब्दाचा तिसरा अर्थ ऑनलाइन गेमनी रूढ केला, तो विसरू नये. २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये सुरुवातीला चाळीस-चाळीस जणांच्या मोहिमा असत, आणि तिथे "तुझा रोल कोणता?" या प्रश्नाचे उत्तर टँक, हीलर किंवा डॅमेज एवढेच असे. वार अंगावर घेणारा, बरे करणारा आणि मारणारा. मी दोन वर्षे हीलर होतो आणि त्या काळात मला राक्षसाचा चेहरा क्वचितच दिसला. मी फक्त चाळीस जणांच्या चाळीस हिरव्या पट्ट्यांकडे पाहत असे. कचेरीतल्या पदासारखाच हा रोल होता, रजेचा अर्जसुद्धा आधी द्यावा लागे. तरीही एखादा हीलर आपल्या माणसांना मरू देत नाही म्हणून ओळखला जाई, आणि ती ओळख कुठल्याही संवादाच्या पर्यायातून मिळालेली नसे.

पिंपळपार

मी एका गेम स्टुडिओत टेस्टिंगचे काम करतो, त्यामुळे हा विषय मला खर्चाच्या बाजूने दिसतो. आकडे सगळ्यांनी का उचलले आणि निर्णयांचे परिणाम कोणी का उचलले नाहीत, याचे उत्तर माझ्या मते अभिरुचीत कमी आणि हिशेबात जास्त आहे.

लेव्हलची शिडी एकदा बांधली की तीच पन्नास तास चालते. निर्णयाचे तसे नाही. एका गेममध्ये खेळणाऱ्याने दोनपैकी एक निवडावे असे पाच प्रसंग ठेवले आणि प्रत्येकाचा परिणाम पुढे न्यायचा म्हटले, तर जगाच्या ३२ अवस्था होतात. दहा प्रसंग ठेवले तर १०२४. अर्थात कोणताही शहाणा स्टुडिओ सगळ्या फांद्या शेवटपर्यंत वाढू देत नाही, त्या मधेच पुन्हा एकत्र आणतो, पण त्या जोडणीच्या जागीच बहुतेक बिघाड निघतात. मेलेला व्यापारी पुढच्या गावात नमस्कार करतो, न भेटलेल्या माणसाचा उल्लेख "आपला जुना मित्र" असा होतो. हे शोधून काढण्यासाठी आमच्यासारख्यांना तोच प्रसंग दिवसभर निरनिराळ्या पूर्वेतिहासांसह खेळावा लागतो. आणि एवढे करून त्यातली अर्धी फांदी एकदाच खेळणाऱ्या माणसाला कधी दिसतच नाही. जे बहुतेकांना दिसणार नाही त्यावर पैसे का घालायचे, हा प्रश्न पैसे घालणारा विचारणारच.

दुसरे कारण आवाज. २००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये बहुतेक संवाद लिखित होते. पत्ता विचारला तर उत्तर मिळे, की नदीच्या काठाने जा, पूल लागला की ओलांडू नकोस, डावीकडच्या टेकडीमागे गुहा आहे. आणि हे सगळे आपल्या रोजनिशीत उतरत असे. त्याच मालिकेतल्या २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये सगळे संवाद बोलके झाले आणि होकायंत्रावर खूण आली. खूण आल्यावर पत्ता नीट ऐकण्याची गरज संपली. २०१५ च्या 'फॉलआउट ४'मध्ये नायकालाच आवाज मिळाला आणि आपल्या वाट्याला एका वेळी चार त्रोटक पर्याय राहिले. त्यातला एखादा निवडल्यावर तो नक्की काय बोलणार ते कळत नसे, म्हणून पूर्ण वाक्य दाखवणारा मॉड (गेममध्ये खेळणाऱ्यांनीच केलेला बदल) लोकांनी लगोलग तयार केला. लिहिलेले वाक्य स्वस्त असते, ते आदल्या रात्रीही बदलता येते. बोललेले वाक्य बदलायचे तर नटाला पुन्हा बोलवावे लागते. फासेसाहेबांना प्रिय असलेली मंदबुद्धी नायकाची वाट १९९७ मध्ये शक्य झाली, कारण नायकाचे सगळे बोलणे केवळ अक्षरांत होते.

मग हे सारे परत कसे आले? माझ्या मते २०१२ हे वळणाचे वर्ष होय. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ऑब्सिडियन स्टुडिओने 'प्रोजेक्ट इटर्निटी' मांडला, वरून दिसणारा, भरपूर मजकूर असलेला, जुन्या वळणाचा. ७०,००० हून अधिक लोकांनी मिळून जवळजवळ ४० लाख डॉलर दिले, आणि २०१५ मध्ये तो 'पिलर्स ऑफ इटर्निटी' या नावाने आला. त्याच सुमारास बेल्जियममधल्या गेंटच्या लॅरियन स्टुडिओने 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन' (२०१४) याच मार्गाने पूर्ण केला. दुसरा भाग २०१७ मध्ये आला. 'बाल्डर्स गेट ३'चा पहिला अंक त्यांनी ऑक्टोबर २०२० मध्येच अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे गेम पूर्ण होण्याआधीच, विकायला काढला आणि जवळजवळ तीन वर्षे लोकांकडून खेळवून घेऊन ३ ऑगस्ट २०२३ रोजी पूर्ण गेम दिला. टेस्टरच्या नजरेने पाहिले तर ही तीन वर्षे फार मोलाची आहेत, कारण हजारो लोक आपण कल्पनाही करणार नाही अशा क्रमाने खेळतात. त्या गेममध्ये जवळपास कोणालाही मारता येते आणि गोष्ट तरी उभी राहते. तुम्ही गॉब्लिनांच्या बाजूने उभे राहिलात तर विल आणि कारलॅक हे साथीदार तुम्हाला सोडून जातात, म्हणजे दोन पूर्ण कथा, त्यांच्या सगळ्या ध्वनिमुद्रणासह, तुमच्यापुरत्या कचऱ्यात जातात. एवढी उधळपट्टी करायला स्टुडिओ स्वतःच्या मालकीचा असावा लागतो.

एक दुरुस्ती मात्र करतो. आरपीजी मेली होती आणि आता जिवंत झाली, असा सूर कोणी लावू नये. द गेम अवॉर्ड्सचा सर्वोच्च पुरस्कार २०१४ मध्ये 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'ला आणि २०१५ मध्ये 'द विचर ३'ला मिळाला होता. २०२२ मध्ये 'एल्डन रिंग', २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३'. सिंहासन कधी गेलेच नव्हते. फक्त त्यावर बसणाऱ्यांपैकी काहींनी मधल्या काळात फासे टेबलाखाली लपवले होते. 'बाल्डर्स गेट ३'ने वीस बाजूंचा फासा चक्क पडद्याच्या मधोमध गडगडत आणला, आणि लोकांना तोच आवडला.

आपल्याकडचे एक वाक्यात सांगायचे तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा 'राजी' कौतुकास्पद होता, पण तो ॲक्शन-ॲडव्हेंचर होता. आपल्या भूमीवरच्या, निर्णयांवर चालणाऱ्या मोठ्या आरपीजीसाठी किती पैसा आणि किती वर्षे लागतील याचा अंदाज वरच्या परिच्छेदांवरून यावा.

नाईट_शिफ्ट

सर्वजण संगणक आणि कन्सोलबद्दल बोलत आहेत, म्हणून फोनची बाजू मांडतो. आमच्या शिफ्टमध्ये बाराजण आहेत, त्यांच्यापैकी एकाकडेही गेमिंगचा संगणक नाही, आणि पाचजण रोज आरपीजी खेळतात. ते तिला आरपीजी म्हणत नाहीत एवढेच.

'गेनशिन इम्पॅक्ट' २८ सप्टेंबर २०२० रोजी फुकटात आला. जग मोठे, देखणे, डोंगर चढता येतात, समुद्र ओलांडता येतो. नवी पात्रे मात्र सोडतीतून मिळतात. पंचतारांकित पात्र फार तर नव्वदाव्या खेपेला मिळतेच, परंतु ते आपल्याला हवे तेच असेल याची पहिल्या वेळी खात्री नसते. हुकले तर त्याच्या पुढच्या वेळी मिळते. शिवाय बक्षिसे उचलण्यासाठी रेझिन नावाची शिल्लक लागते आणि ती दर आठ मिनिटांना एक अशी भरते. त्यामुळे माणूस जेवणाच्या सुट्टीत, बसस्टॉपवर, झोपण्यापूर्वी गेम उघडतो, साठलेले रेझिन संपवतो आणि बंद करतो. दूध तापायला ठेवल्यासारखे सतत लक्ष ठेवावे लागते.

भूमिकेचे म्हणाल तर तिथे आपण प्रवासी असतो, आणि बहुतेक वेळ प्रवाशाच्या वतीने पायमॉन नावाची हवेत तरंगणारी छोटी सोबतीणच बोलते. आपल्या वाट्याला दोन पर्याय येतात आणि दोन्हींचा अर्थ पुष्कळदा एकच असतो. त्याच कंपनीच्या 'होंकाई: स्टार रेल'मध्ये टर्न-बेस्ड लढाई आहे, पण त्यात एक ऑटोचे बटण आहे. ते दाबले की गेम स्वतःच लढतो आणि आपण चहा पितो. रातवाताई, तुमचा राक्षस पाळीची वाट पाहतो; आमचा राक्षस आमच्याशिवायच मरतो.

माझे स्वतःचे सांगायचे तर मी दुसऱ्याच एका मोबाइल आरपीजीमध्ये, जिचे नाव घेण्यात आता अर्थ नाही, तीन वर्षांत साधारण एका पगाराएवढे पैसे घातले. एके दिवशी सेवा बंद होत असल्याची सूचना आली आणि ठरलेल्या तारखेला सर्व्हर मिटले. माझी ऐंशीच्या वर लेव्हलची धनुर्धारिणी, तिचे धनुष्य, तिचे कपडे, सगळे एका दुपारी नाहीसे झाले. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आजी म्हणायची. या गेममध्ये तर सोंगच पैशांवर उभे होते. फासेसाहेबांची १९९७ ची सीडी अजून चालते, हा मुद्दा तुमच्या आकड्यांच्या चर्चेत कुठेतरी यायला हवा.

रातवा

नाईट_शिफ्ट, वाचून वाईट वाटले. तुमच्या धनुर्धारिणीच्या मेनूतली कोरी जागा आणि माझ्या एरिथची कोरी जागा या दोन्ही आकड्यांच्याच आहेत, पण माझी कोणीतरी विचारपूर्वक लिहिलेली होती. मी वर आकड्यांची बाजू जरा जास्तच ठासून मांडली, असे आता वाटते. होरींच्या गेममध्ये चिकाटी विकत घेता येत नव्हती. चार राक्षस जास्त मारण्याचा वेळ राजापासून रंकापर्यंत सगळ्यांना सारखाच द्यावा लागे.

'एल्डन रिंग'चे नाव नुसते यादीत येऊन गेले, त्याबद्दल मात्र दोन वाक्ये. तिथे संवादांचे पर्याय फारसे नाहीत, पण ज्याने जीवशक्तीवर आकडे घातले, मोठी ढाल घेतली आणि दमाने पुढे गेला, त्याचे पात्र आणि जो उघड्या अंगाने, दोन तलवारी घेऊन नाचत राहिला त्याचे पात्र, ही दोन वेगळी माणसे असतात. माझा मुलगा दुसऱ्या प्रकारचा आहे आणि तो रस्ताही तसाच ओलांडतो.

तिसरी_घंटा

पिंपळपार यांच्या फाशाबद्दलच्या वाक्यावर एक शंका. 'बाल्डर्स गेट ३' सध्या मीही खेळते आहे आणि फासा वाईट पडला की मागचा सेव्ह उघडून पुन्हा टाकते. एका रात्री एका दरवाजासाठी सात वेळा टाकला. मग तो फासा राहिला कुठे? तालमीत चुकलेले वाक्य पुन्हा म्हणता येते, प्रयोगात येत नाही, आणि मी तर घरी बसून सगळ्या तालमीच करते आहे.

पिंपळपार

तुमच्या शंकेवर त्यांनी नोव्हेंबर २०२३ च्या पाचव्या पॅचमध्ये (सुधारित आवृत्तीत) ऑनर मोड दिला आहे. सेव्ह एकच, मागे जाता येत नाही, सगळे साथीदार मेले की मोहीम संपली. कामावर दिवसभर मागे-पुढे उड्या मारून घरी आल्यावर मी तोच खेळतो. दुसऱ्या अंकात एका लढाईत माझी पाळी येण्याआधीच शॅडोहार्ट ही साथीदार पडली आणि मला खरोखर घाम फुटला. सात वेळा फासा टाकणाऱ्यांना मी दोष देत नाही. दिवसाला एक तास मिळणाऱ्याने एका वाईट फाशापायी साठ तास गमवावेत, असे म्हणणे सोपे आहे.

जुना_फासा

सर्वांचे आभार. आकडे विरुद्ध भूमिका अशी जी रेघ मी ओढली होती ती रातवाताईंनी पुसली आणि नाईट_शिफ्ट यांनी योग्य जागी पुन्हा ओढली, हे मान्य करतो. आकडा कोणाच्या बाजूने उभा आहे, खेळणाऱ्याच्या की गल्ल्याच्या, हे मी मूळ लेखात पाहिलेच नव्हते. पिंपळपार यांच्या हिशेबामुळे माझी एक जुनी तक्रारही मागे घ्यावी लागते आहे: मोठ्या स्टुडिओंना कल्पनाशक्ती नाही असे मी वर्षानुवर्षे म्हणत आलो, आणि तिथे १०२४ चा आकडा होता.

भाच्याचे पुढचे सांगतो. निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्याला 'फॉलआउट' लावून दिला. चित्रे पाहून त्याने नाक मुरडले. मग सात गुणांचे पान आले तेव्हा त्याने, अपेक्षेप्रमाणे, ताकद दहावर नेली, चपळाई दहावर नेली आणि त्यासाठी लागणारे आकडे बुद्धीतून काढून घेतले. मी काही बोललो नाही. बंकरच्या पाण्यासाठी लागणारी चिप दीडशे दिवसांत शोधून आणायची आहे एवढे त्याला कळले होते. पहिल्या गावात पोहोचून त्याने एका माणसाशी बोलायला सुरुवात केली, आणि पर्यायांमध्ये त्याला वाक्येच सापडेनात.

"मामा, हा गेम बिघडलाय. हा नीट बोलतच नाही."

"बुद्धी किती ठेवली होतीस?"

तो जरा वेळ गप्प बसला, मग नवा गेम सुरू न करता तसाच पुढे गेला. रात्री दीड वाजता ताईने येऊन संगणक बंद केला. काल त्याचा फोन आला होता, चिप अजून सापडलेली नाही आणि ९१ दिवस उरले आहेत.